नवव्या जागेवर कोण?

सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या लेबर डेच्या सुट्टीत अमेरिका-कॅनडातल्या चायनाटाउनांचे संघ एका शहरात जमतात आणि नऊ-नऊ जणांचा व्हॉलीबॉल खेळतात. मी फिजिओथेरपिस्ट, त्या वर्षी बॉस्टनच्या एका संघाबरोबर गेले होते. कोर्ट डांबरावर आखलेलं, जाळी जरा खाली, रोटेशन नाही, म्हणजे ज्याची जागा त्याचीच.

हा खेळ चीनच्या ताइशान भागातल्या लोकांनी इकडे आणला. 1882च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली, ती 1943पर्यंत. बहुतेकांची बायकापोरं मायदेशी. लाँड्रीत, हॉटेलांत राबणारे पुरुष सुट्टी मिळाली की गल्लीत जाळी बांधत. ही जागा आपल्या माणसांसाठी राखायची, म्हणून आजही नियम आहे: कोर्टवर नऊपैकी सहा जण आईवडील दोन्हीकडून चिनी हवेत, बाकी तिघे आशियाई रक्ताचे.

तिसऱ्या सेटमध्ये आमचा एक मुलगा ब्लॉक करून उतरला तो थेट समोरच्याच्या बुटावर. घोटा आत वळला. बघता बघता लिंबाएवढी सूज. बाहेरच्या हाडाची मागची कड दाबली तर कळवळला, चार पावलंही टाकता येईनात. म्हणजे एक्स-रे काढायलाच हवा.

"घट्ट टेप बांधा ना, खेळतो मी!"

"अजिबात नाही. उठायचंसुद्धा नाही."

त्याच्या हट्टाचं कारण बाकावर बसलं होतं. त्याच जागेवर खेळणारा, त्याच्याइतकाच तयार मुलगा, पण वडील आयरिश. दोन्हीकडून चिनी नसलेले तिघे कोर्टवर आधीच होते, त्यामुळे त्याला उतरवता येईना. आणि सकाळपासून म्हाताऱ्या प्रेक्षकांशी ताइशानीत गप्पा मारणारा आमच्या संघात तो एकटाच! जखमी मुलाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

शेवटी यादीत नाव असलेले पन्नाशीचे प्रशिक्षक जर्सी चढवून उतरले. जीव तोडून खेळले, पण सेट गेला.

ज्यांना देशाने साठ वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्यांनी स्वतःसाठी एक अंगण राखलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बाकावर मुठी आवळून बसलेला तो मुलगाही त्याच अंगणात वाढलेला. आता त्याला मोजायचं कसं, हे त्या समाजानेच ठरवायचं. मला विचाराल तर मी त्याला उतरवलं असतं.

जखमी मित्राला खांद्याचा आधार देत गाडीपर्यंत त्यानेच नेलं. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. सहा आठवडे उड्या बंद, असं मी लिहून दिलं.