पाणीमीटर, नोंद ४ : पल्स जातात कुठे?

इंदूरला आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. जलूदहून उपसून आलेलं हे पाणी हौदात नेमकं किती पडतं, यावरून आई आणि वरच्या मजल्यावरचे काका यांचा जुना वाद आहे. म्हणून हा मीटर.

पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डवर मायक्रोपायथन (पायथनची छोटी आवृत्ती), नळाला वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर. पाण्याने त्याचं चक्र फिरतं, तसे तो विजेचे ठोके, म्हणजे पल्स, देतो. (सेन्सर ५ व्होल्टचा, पिकोची पिन ३.३ची. मध्ये दोन रेझिस्टर घाला, माझ्यासारखं विसरू नका.) लिटरला साधारण ४५० पल्स, म्हणजे मिनिटाला १२ लिटर आलं तर सेकंदाला ९०. १३३ मेगाहर्ट्झच्या चिपला हे किस झाड की पत्ती!

तरी हिशेब जुळेना. १० लिटरची बादली तीनदा भरली, दर वेळी आकडा ४,४८०च्या आसपास. मग दर सेकंदाला फाइलमध्ये नोंद लिहिणं चालू केलं, तर ४,२४०. बादली तीच, नळ तोच.

पहिला आळ अर्थातच गार्बेज कलेक्टरवर, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणाऱ्यावर, घेतला. मायक्रोपायथनमध्ये प्रत्येक फ्लोट (दशांश संख्या) हीपवर, म्हणजे मेमरीच्या सामायिक साठ्यात, जागा खातो, आणि सफाई सुरू झाली की काही मिलिसेकंद सगळं खोळंबतं. पण माझा इंटरप्ट (पल्स आला की हातातलं काम थांबवून तो मोजणारा कोड) 'हार्ड' आहे, तो सफाईसाठी थांबत नाही. त्यात फ्लोट वापरून एकदा मेमरी एरर खाल्ला, तेव्हापासून आत फक्त पूर्णांकात एक मिळवतो. दोन संध्याकाळी या बिचाऱ्याच्या मागे वाया गेल्या.

चोर निघाला फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी. पिकोवरच्या आरपी२०४० चिपचा प्रोग्रॅम ज्या फ्लॅशमधून चालतो, त्याच फ्लॅशमध्ये फाइलही लिहिली जाते. ४ किलोबाइटचा सेक्टर पुसायला चाळीस-पन्नास मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ इंटरप्ट बंद असतात. त्यात चार-पाच पल्स येऊन जातात, लक्षात राहतो एक. सी भाषेत लिहिलं असतं तरी, हँडलर (इंटरप्टचा कोड) मुद्दाम रॅममध्ये ठेवल्याशिवाय सुटका नव्हती. तेव्हा "पायथन हळू आहे, सी शिक" म्हणणाऱ्या मित्रांना सप्रेम नमस्कार.

उपाय पीआयओ. प्रोसेसरपासून स्वतंत्र चालणारी अशी ८ छोटी यंत्रं (स्टेट मशीन) चिपमध्ये पडून आहेत, आणि त्यांचा कोडही पायथनच्या फाइलमध्येच लिहिता येतो. पिन खाली जाण्याची वाट बघ, वर येण्याची वाट बघ, एक्स हा आतला आकडा एकने कमी कर. बस्स. पीआयओला बेरीज येत नाही, फक्त एक वजा करता येतो. म्हणून एक्समध्ये सगळे बिट १ ठेवून उतरत जायचं आणि वाचताना उलटवायचं. आता नोंद चालू असतानाही ४,४७६.

गुरुवारी हौदात ६३८ लिटर पडलं. काकांना आकडा दाखवला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून नळ बारीक केला. धार चालू, आणि सेन्सरचं चक्र ढिम्म! मिनिटाला लिटरभराच्या खाली ते फिरतच नाही. शेवटची पंधरा मिनिटं आमच्याकडे तीच धार असते.