गटारीला समिती असती तर

रविवारी काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत. रात्री दहानंतर मिक्सर नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हे इतक्यांदा ऐकवलंय की इडलीचं पीठ मी दुपारीच वाटून मोकळी होते. त्याच बाई गेल्या गुरुवारी सकाळी जिन्यात भेटल्या त्या लाल नाक, पट्ट्यापट्ट्यांची विजार आणि हातात कात्री अशा अवतारात. रात्री अडीचला त्यांच्या घरात पंधरा-वीस जण बेंबीच्या देठापासून गात होते. बोलायची सोय नाही. जर्मनीतल्या कोलोनमध्ये कार्निव्हलच्या या सहा दिवसांत तक्रार करणाराच वेडा ठरतो.

कात्री पुरुषांचे टाय कापायला. हा बायकांचा दिवस, 'वायबरफास्टनाख्ट'. आमचे टीमलीड घरून मुद्दाम जुना टाय घालून आले आणि उरलेलं टोक गळ्यात लटकवून दिवसभर गंभीर चेहऱ्याने मीटिंगा घेत राहिले. हसायचं की नाही, तेच कळेना.

म्हणजे बेशिस्तसुद्धा ठरल्या वेळी! मोसम उघडतो ११ नोव्हेंबरला, ११ वाजून ११ मिनिटांनी. मग नाताळापर्यंत सामसूम, जानेवारीपासून सभागृहांतले कार्यक्रम आणि शेवटी रस्त्यावरचा धुडगूस. ईस्टरआधीच्या उपवासात एके काळी मांसच काय, अंडी, दूध, लोणीही वर्ज्य होतं. उपवास लागण्याआधी घरातलं संपवायला हवं, म्हणून तळणं, खाणं, पिणं. आपली गटारी दुसरं काय असते? फक्त आपण ती लपूनछपून करतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाले आपल्याला झोडपतात. इथे १८२३ साली शहरातल्या प्रतिष्ठितांनी चक्क समिती नेमली आणि मिरवणुकीला वळण लावलं. तेव्हा राज्य प्रशियाचं होतं. कार्निव्हलच्या 'रोटे फुंकेन' पथकातले लाल डगलेवाले बंदुकीच्या नळीत फुलं खोचून, एकमेकांच्या ढुंगणाला ढुंगण घासत नाचतात. लष्करी कवायतीची ही टिंगल तेव्हापासून चालू आहे, तीही रीतसर गणवेशात.

सोमवारच्या मोठ्या मिरवणुकीत रथांवरून चॉकलेटं उधळतात. लोक 'कामेले!', म्हणजे 'गोळ्या!', ओरडत उलट्या छत्र्या धरतात. आजोबा लोक यात पोरांपेक्षा चपळ. राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका हे तिघे यंदाचे मानकरी. कुमारिका पुरुषानेच व्हायचं. १९३८ आणि १९३९ मध्ये नाझींनी तिथे बाई उभी केली होती, ते इथे अजून विसरलेले नाहीत.

पण मला जिंकलं ते नुब्बेलने. जुन्या कपड्यांत पेंढा भरलेला हा बुवा सहा दिवस दारूच्या गुत्त्याच्या दारावर टांगलेला असतो. मंगळवारी रात्री त्याची अंत्ययात्रा निघते. मेणबत्त्या, खोटा पाद्री, खोटं रडणं, मध्येच कुणाला खरंच हसू आवरत नाही. पाद्री यमकात आरोप वाचतो: पगार कुणी उडवला? परक्याच्या बायकोचा मुका कुणी घेतला? फुटबॉलचा सामना कुणामुळे हरलो? प्रत्येक वेळी सगळा जमाव एका सुरात ओरडतो, 'नुब्बेलने!' मग त्याला पेटवतात आणि पापं झाली भस्म. माझ्या शेजारचा माणूस हातातला क्योल्श या इथल्या बिअरचा चिमुकला ग्लास सांभाळत इतक्या मनापासून ओरडत होता की त्याचा काहीतरी जुना हिशेब असावा. मीही ओरडले. कारण नाही सांगत.

बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस आणि ताटात मासे. मासे चालतात, बरं का! उपवास चाळीस दिवसांचा, पण कॅलेंडरवर मोजा, शेहेचाळीस भरतात. कारण रविवार धरायचेच नाहीत, ही सूट अधिकृत आहे. ऑफिसातल्या एकाने यंदा फक्त चॉकलेट सोडलंय. आमच्या आईचा श्रावण म्हणजे महिनाभर कांदा-लसूणही नाही आणि सोमवार-शनिवार वर वेगळे. आधीचा दंगा कुणाला जास्त शोभतो, तुम्हीच सांगा. मी स्वतः इथे श्रावण पाळत नाही, हे खरं आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये इथे कोवळं ऊन असतं, दर शनिवारी कुणाच्या तरी बागेत शेगडी पेटलेली असते, आणि बोलावणाऱ्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही.