शिकागोचे पन्नास ऑल्डरमन

शिकागोच्या उत्तर भागातील डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर, ज्याचा स्थानिक उच्चार ‘डिव्हॉन’ असा आहे, आम्ही महिन्याचा किराणा आणायला जातो तेव्हा खांबावरची ‘गांधी मार्ग’ ही तपकिरी पाटी हमखास नजरेस पडते. याच रस्त्याच्या एका तुकड्याला जिना यांचे, तर दुसऱ्या एका तुकड्याला इस्रायलच्या माजी पंतप्रधान गोल्डा मेयर यांचे नाव दिलेले आहे. टपालाचा पत्ता त्यामुळे बदलत नाही, कारण ही सगळी केवळ मानाची नावे आहेत. मात्र असे नाव द्यायचे झाल्यास त्या वॉर्डाच्या प्रतिनिधीने प्रस्ताव मांडावा लागतो आणि शहराच्या सिटी कौन्सिलने तो मंजूर करावा लागतो. चौकांच्या नामकरणावरून होणारे वाद पुण्यात लहानपणापासून पाहिलेले असल्याने मला यात काहीच परके वाटले नाही.

सुमारे सत्तावीस लाख लोकवस्तीच्या या शहराचे पन्नास वॉर्ड आहेत आणि १९२३ पासून प्रत्येक वॉर्डातून एकच प्रतिनिधी निवडला जातो. म्हणजे साधारण पंचावन्न हजार लोकांमागे एक नगरसेवक. त्याला ‘ऑल्डरमन’ म्हणत. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात ‘ऑल्डरपर्सन’ असा शब्द आला असला, तरी आमच्या शेजारीपाजारी जुनाच शब्द चालतो. निवडणूक दर चार वर्षांनी, फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी, ऐन थंडीत होते. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते आणि कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये एप्रिलमध्ये पुन्हा लढत होते. पुण्यात २०१७ साली चार-चार नगरसेवकांचे प्रभाग झाले, तेव्हा खड्ड्याची तक्रार घेऊन नेमके कोणाकडे जायचे हे आमच्या सोसायटीला शेवटपर्यंत उमगले नव्हते. इथे तो प्रश्न उद्भवत नाही.

आमच्या घरामागच्या बोळातला, म्हणजे इथल्या भाषेत ‘अ‍ॅली’तला, दिवा बंद पडला तेव्हा मी ३११ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि आठवडाभर वाट पाहून ‘वॉर्ड नाइट’ला गेलो. ऑल्डरमन ठरलेल्या संध्याकाळी आपल्या कार्यालयात लोकांना भेटतो, त्याला हे नाव आहे. कार्यालय म्हणजे मुख्य रस्त्यावरचा एक गाळा होता. घडीच्या खुर्च्यांवर सहा-सात माणसे नंबर लावून बसली होती. कोणाला उंदरांचा उपद्रव होता, कोणाला दुकानापुढे माल उतरवण्यासाठी जागा राखून हवी होती, तर एका आजीबाईंना केवळ बोलायचे होते. माझा नंबर आल्यावर ऑल्डरमननी माझा ३११ चा तक्रार क्रमांक मागितला आणि तो नसता तर मला परत पाठवले असते, हेही सौम्यपणे सांगितले.

दिव्यांसारख्या कामांसाठी प्रत्येक वॉर्डाला दरवर्षी सुमारे पंधरा लाख डॉलर मिळतात. शहर प्रशासन कामांची आणि त्यांच्या दरांची यादी देते आणि त्यातून काय घ्यायचे ते ऑल्डरमन ठरवतो, म्हणून या निधीला ‘मेन्यू मनी’ असे चपखल नाव पडले आहे. २००९ मध्ये एकोणपन्नासाव्या वॉर्डाने ही निवड थेट रहिवाशांच्या मतदानावर सोपवली. अमेरिकेतील तो अशा प्रकारचा पहिला प्रयोग होता.

ऑल्डरमनचे खरे वजन मात्र कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. एखाद्या जागेवर काय बांधता येईल यात बदल करायचा असेल, तर त्या वॉर्डाच्या प्रतिनिधीचा शब्द बाकीचे एकोणपन्नास जण सहसा मोडत नाहीत. आज मी तुझ्या वॉर्डात ढवळाढवळ केली नाही, तर उद्या तू माझ्या वॉर्डात करणार नाहीस, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे चार मजली इमारतीला परवानगी द्यावी की नाही, याचा निकाल सभागृहात लागण्याआधीच एखाद्या ग्रंथालयाच्या तळघरातील रहिवाशांच्या बैठकीत जवळजवळ लागलेला असतो, आणि तिथे घरांच्या टंचाईपेक्षा गाड्या कुठे लावायच्या यावरच अधिक वेळ जातो. एकाच माणसाच्या होकारावर इतके अवलंबून असले की त्या होकाराला किंमत चिकटते, हे ओघाने आलेच. एड बर्क हे १९६९ ते २०२३ अशी चौपन्न वर्षे कौन्सिलवर होते आणि वित्त समितीचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. डिसेंबर २०२३ मध्ये लाचखोरीसह अनेक आरोपांत ते दोषी ठरले आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे महापौर मानाचा आणि राज्य सरकारने नेमलेला आयुक्त कामाचा, अशी विभागणी असते. इथला महापौर थेट जनतेतून निवडून येतो, खातेप्रमुखांची नावे सुचवतो, सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतो आणि समान मते पडली तर आपले मत देतो. त्याचा नकाराधिकार मोडायला चौतीस मते लागतात. १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, तेव्हा एकोणतीस ऑल्डरमन त्यांच्या विरोधात एकवटले आणि बाजूने एकवीसच राहिले. एकोणतीस जण महापौरांची कामे अडवू शकत होते, पण चौतीसचा आकडा गाठू शकत नसल्याने महापौरही त्यांचे ठराव रोखू शकत होते. न्यायालयाच्या आदेशानंतर १९८६ मध्ये सात वॉर्डांत पुन्हा निवडणूक होऊन पंचवीस-पंचवीस अशी बरोबरी झाली, आणि महापौरांच्या एका मताने ती कोंडी फुटली.

त्याआधी आणि त्यानंतरही अनेक दशके कौन्सिलला महापौरांचा रबरी शिक्का म्हणूनच हिणवले गेले. म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये महापौर ब्रँडन जॉन्सन यांचा तीस कोटी डॉलरच्या मालमत्ता करवाढीचा प्रस्ताव कौन्सिलने पन्नास विरुद्ध शून्य असा फेटाळला, तेव्हा इथल्या जुन्या लोकांनाही आश्चर्य वाटले. करवाढ वगळलेला सुमारे १,७१० कोटी डॉलरचा अर्थसंकल्प डिसेंबरमध्ये सत्तावीस विरुद्ध तेवीस मतांनी कसाबसा मंजूर झाला.

एकदा मी सभा पाहायला गेलो होतो. सुरुवातीला अर्धा तास नागरिकांचे म्हणणे ऐकले गेले. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळाली आणि तीन मिनिटे संपल्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. नंतर बराच वेळ अग्निशमन दलाच्या जवानांच्या गौरवाचे ठराव चालले. ज्या कामासाठी सभा भरते ते मात्र झपाट्याने उरकले. दुकानांच्या पाट्या, पदपथावरील टेबले, मानाची नावे अशा शेकडो बाबींवर स्वतंत्र मतदान होतच नाही; आधीच्या एखाद्या विषयावर झालेले अनुकूल मतदान या सर्वांना लागू समजावे, असे कोणीतरी सुचवतो, आक्षेप नसल्याचे पाहून अध्यक्ष हातोडा आपटतात, आणि प्रेक्षागृहात शेजारी बसलेला माणूस आपल्या उपाहारगृहाचे नाव ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेला असतानाच ते मंजूर होऊन गेलेले असते.