शेवटच्या पन्नास फुटांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही ते टर्निंग-बोअरिंग करून देतो. घरी वडगावात माडीवरच्या खोलीत मात्र एक वेगळंच मशीन आहे : मॉनिटर, योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा थ्रॉटल, टेबलाखाली पायाचे पेडल. घरबसल्या विमान उडवायचा हा सिम्युलेटर. दसऱ्याला मी त्यालाही झेंडूचा हार घालतो, म्हणून पाहुण्यांना ते दाखवावंच लागतं. दाखवलं की दोन प्रश्न जोडीनं येतात. ‘‘जुनं चालत होतं की, मग नवं कशाला?’’ आणि जरा थांबून, आवाज खाली करून, ‘‘आमच्या पोराला घ्यायचं म्हटलं तर काय घेऊ?’’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

माझं जन्मगाव बेळगावजवळचं सांबरा. १९४२ साली ब्रिटिशांनी लढाईसाठी धावपट्टी केली, ती आमच्या शिवाराला लागून. पुढं तिथं हवाई दलाची ट्रेनिंग शाळा आली. शेंगा काढताना वर विमान आलं की सगळी माणसं कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. मी अजूनही त्यातलाच. पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा २००६चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स बसवला आणि आधी शोधलं काय, तर सांबरा. सापडलं. पण धावपट्टीभोवती नुसता हिरवा-तपकिरी गालिचा. तोच गालिचा हुबळीलाही.

२०२०च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीचा नवा सिम्युलेटर आला. हा उपग्रहाच्या फोटोंवरून जमीन उभी करतो, घरं-झाडं कुठं असतील ते मशीनच फोटो बघून ओळखतं, आणि हे सगळं इंटरनेटवरून उडता उडता उतरत राहतं. डब्यावर किमान गरज लिहिली होती आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम. माझ्याकडं नेमकं तेवढंच होतं. देवानं माझंच मशीन मोजून लिहिलं असं वाटलं. ‘किमान’ याचा अर्थ सुरू होईल, एवढाच असतो हे नंतर कळलं.

आईला बोलावून शेत दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून ती मॉनिटरच्या काचेला नाक लावेपर्यंत वाकली. बांध ओळखले, विहीर ओळखली. मग म्हणाली, ‘‘घर कुणाचं रे हे?’’ आमचं कौलारू घर मशीननं अंदाजानं दुमजली स्लॅबचं करून टाकलं होतं. ‘‘बांधून दिलं तर बरंच की,’’ म्हणाली आणि खाली गेली.

आता तक्रार काय होती ती सांगतो. वर, पाच हजार फुटांवर, सगळं झकास चालायचं. चोर्ल्याकडं वळलं की घाटाची कड दिसायची आणि तिच्यापलीकडं जमीन एकदम खाली कोकणात गेलेली. घोळ व्हायचा तो उतरताना. विमान चालवण्याच्या पुस्तकांत उतरायचं अंतर मोजतात ते धावपट्टीच्या टोकावर चाकं ५० फुटांवर आहेत असं धरून. सेस्ना १७२ या छोट्या विमानात तिथून जमिनीला टेकेपर्यंत आठ-दहा सेकंद मिळतात. वेग ६५ नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. याच दहा सेकंदांत नाक हळूच वर घ्यायचं असतं, आणि नेमकं इथंच माझं चित्र अडकायचं. अर्धा सेकंद थांबायचं, मग एकदम पुढं. अर्ध्या सेकंदात विमान १७ मीटर गेलेलं. मी योक ओढायचो ते होऊन गेलेल्या क्षणाचं चित्र बघून. धाड्‌दिशी आपटायचं.

आणि इथं मी पैसे घालवले. दुकानातल्या पोरानं सांगितलं, ‘‘अण्णा, कार्ड बदला, सगळं लोण्यासारखं होतंय.’’ आरटीएक्स ३०६० हे चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड घेतलं, १२ जीबीचं. झाडं सुंदर दिसायला लागली. सांबऱ्यावर चित्र अडकायचं तसंच अडकलं. पोराचा दोष नाही, तो गेमवाल्या मुलांना जे सांगतो तेच मला सांगितलं. चुकलो मी. शॉपमध्ये मशीन बिघडलं की आधी कुठं अडतंय ते शोधल्याशिवाय पार्ट बदलत नाही, इथं मात्र आधी पार्ट आणला.

नंतर सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड सापडला. तो चालू केला की कोपऱ्यात एक काउंटर येतो, आणि काम कशापायी अडलंय ते लिहून देतो. माझ्याकडं धावपट्टी जवळ आली की लाल अक्षरात यायचं : लिमिटेड बाय मेनथ्रेड. म्हणजे मुख्य धाग्यापायी अडलंय : कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरच्या आतल्या अनेक कामगारांपैकी एकच कोअर घाम गाळतोय. विमानाचं बरंचसं गणित हा प्रोग्राम एकाच धाग्यावर चालवतो. शॉपमध्ये नवा मोठा लेथ आणला, पण ड्रॉइंग वाचून जॉब लावणारा माणूस एकच, अशातली गत.

त्याच काउंटरवर सरासरी ३२ फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३२ चित्रं, दाखवत होतं, कागदावर चांगलं. सरासरीवर विश्वास ठेवायला मी काही नवशिका नाही. शंभर बोअरची, म्हणजे कोरलेल्या भोकांची, सरासरी बरोबर पंचवीस मिलीमीटर येईल, पण त्यात एक पंचवीस पॉइंट एक आणि एक चोवीस पॉइंट नऊ असेल तर दोन्ही रिजेक्ट. मला सरासरी वाढवायची नव्हती, रिजेक्शन बंद करायचं होतं. पाहुणे ‘किती फ्रेम येतात?’ विचारतात तेव्हा मी हेच सांगतो आणि ते चहाकडं बघायला लागतात.

म्हणून नवं काय घेतलं, तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट. कार्ड तेच ठेवलं. माझा मॉनिटर साधा फुल एचडी, त्याला ते पुरून उरतं. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी. याच्या चिपवर कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या झटपट मेमरीचा, एक जादा थर रचलेला असतो, एकूण ९६ एमबीची एल-थ्री कॅशे. लागणारी हत्यारं टूलरूमऐवजी हाताशी ठेवल्यासारखं. सिम्युलेटरला याचा जेवढा फायदा होतो तेवढा फार थोड्या प्रोग्रामना होतो. रॅम ३२ जीबी, कारण १६ भरून जाते. सगळं मिळून नव्वद हजारांच्या आसपास गेलं. शॉपचा हिशेब बायको ठेवते, त्यामुळं आकडा लपवायचा प्रश्नच नव्हता. ती फक्त म्हणाली, कार्डाचे आधीचे पैसे यात धरलेत का?

मग फ्रेम मुद्दाम सेकंदाला तीसवर बांधून टाकली. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, सेकंदाला साठदा चित्र दाखवणारा; त्यावर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं, त्यामुळं हलणं एकसारखं राहतं. पोरं हसतात, ‘‘काका, एवढं घेऊन तीसच?’’ हसू देत.

पहिल्याच रविवारी उतरत होतो. तीस फुटांवर वीज गेली. वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा यूपीएस होता, तरी सगळं बंद. दोन दिवस डोकं खाल्लं तेव्हा कळलं : नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट खेचणारं सर्किट, असतं, आणि माझ्या स्वस्तातल्या यूपीएसची बॅटरीवरची लहर खऱ्या साइनची नाही, पायऱ्या-पायऱ्यांची. काही जोड्यांत हे जमत नाही, बॅटरीवर जाताना सप्लाय तुटतो. प्युअर साइनवेव्हचा यूपीएस घेतला. घेणाऱ्यांनी हे आधीच धरून चला, आमच्याकडं वीज न जाणारा आठवडा नसतो.

पण तुमच्या पोराला एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी पेडल सांगेन, आणि शक्य झाल्यास करून घ्या. माझे शॉपमध्ये केलेत. उरलेली ॲल्युमिनियमची पट्टी, चार ६००१ बेअरिंग, दोन स्प्रिंगा. पेडल किती दाबलं ते मोजायला पोटेन्शिओमीटर घातला नाही, तो घासून झिजतो आणि धूळ बसली की विमान आपोआप डावीकडं झटका मारतं. त्याऐवजी फिरत्या दांड्याच्या टोकाला छोटा चुंबक आणि समोर त्याचं चुंबकत्व ओळखणारा हॉल सेन्सर. दोन्ही एकमेकांना शिवतच नाहीत, झिजणार काय? वायरी एका बोटभर बोर्डात जातात, कॉम्प्युटरला तो सरळ जॉयस्टिकच वाटतो. स्प्रिंग तीनदा बदलली. पहिली इतकी कडक होती की पोटरीत गोळा आला. दुसरी एवढी मऊ की पाय नुसता ठेवला तरी विमान वाकडं. तिसरी एका जुन्या भंगारातली निघाली. बाजारातल्या चांगल्या पेडलांचे पैसे विचारू नका, मी विचारून आलोय.

२०२४चा सिम्युलेटर नोव्हेंबरात आला तोही घेतला. तो डिस्कवर कमी जागा घेतो आणि जास्त गोष्टी नेटवरून मागतो. ५० एमबीपीएसची लाइन असावी अशी त्याची शिफारस आहे. वडगावात फायबर आहे म्हणून चालतं, सांबऱ्याच्या घरी नेलं तर शेताऐवजी परत गालिचाच दिसेल.

एक गोष्ट मशीन बदलून सुटत नाही, तीही सांगून ठेवतो. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,५०० फुटांवर आहे. गोव्याच्या सवयीनं उतरायला आलं की उंचीच्या घड्याळात अजून तीन हजार दिसतात आणि खाली शेंगांचं शेत आलेलं असतं. नव्या माणसाला मी मुद्दाम आधी सांगत नाही.

गेल्या रविवारी पावसाळी वारा पश्चिमेचा होता, म्हणून पश्चिमेकडं तोंड असलेल्या २६ नंबरच्या धावपट्टीवर पूर्वेकडून, बाळेकुंद्रीच्या बाजूनं आलो. पन्नास फूट, चाळीस, तीस. नाक वर घेतलं, जरा लवकरच घेतलं. दोनदा उसळून तिसऱ्यांदा टेकलं. काउंटर शेवटपर्यंत तीसच दाखवत होता.