२३० दोनदा

मतदारांच्या रजिस्टरमध्ये २३० हा आकडा दोनदा लिहिला गेला होता आणि अक्षर माझंच होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी काही लपवतेय असं कुणाला वाटायला नको.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, शाळा द्विशिक्षकी. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं आणि मला ऑर्डर आली मतदान अधिकारी क्रमांक दोनची. लेक तेव्हा आठ महिन्यांची. १८० दिवसांची रजा संपून मी शाळेत रुजू झालेले, घरी सासूबाई तिला बघायच्या. दिवाळीत त्या अंगणात घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर. नवरा पण शिक्षक, त्यालाही ऑर्डर, तीही दुसऱ्या मतदारसंघात केंद्राध्यक्ष म्हणून. माहेरी बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यामुळे आईला हलताच येत नाही. तालुक्याच्या गावाला एकच पाळणाघर, नऊ ते सहा, आणि मतदानाची सुट्टी त्यांनाही. आणि इलेक्शन ड्युटी एका दिवसाची नसते हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायचं, रात्री केंद्रावर मुक्काम, पहाटे उठून मतदान आणि मग मशीन जमा करेपर्यंत मध्यरात्र.

मी ड्युटी रद्द करायचा अर्ज केला होता. जन्मदाखला, डॉक्टरांची चिठ्ठी, सासूबाईंचा एक्सरे सगळं जोडलं. टेबलवरच्या माणसाने अर्जांचा गठ्ठा दाखवला, म्हणाला मॅडम हे सगळे आजारीच आहेत बघा. त्याचंही खोटं नव्हतं, धडधाकट माणसं बीपी-शुगरचे दाखले आणून देतात आणि त्यांच्यामुळे खऱ्या अडचणीची किंमत जाते, मला त्या लोकांचा मनापासून राग आहे. पण ज्यांची वर ओळख होती त्यांची नावं निघाली हेही खरं. आमच्याकडे १३४ च्या नोटिशीची, म्हणजे निवडणुकीच्या कामात कसूर केल्याबद्दलच्या कलमाची, भीती असते, त्यामुळे दोन्ही ट्रेनिंगला मी गेले, एकदा सासूबाईंच्या मावसबहिणीकडे बाळ ठेवून आणि एकदा सोबत घेऊन. मावसबहीण रात्रीसाठी तयार नव्हती आणि लेक बाटली तोंडात घेत नाही. म्हणून तिला बरोबर घेतली. दुसरा रस्ता नव्हता.

कायदे मला माहीत आहेत. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघर हवं, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ तर आधीपासूनच हवा. आमच्या शाळेत दोन शिक्षक, ५० कुठून आणायचे? बालसंगोपन रजा २०१८ पासून आहे, तीही १८० दिवस, पण मी रजेवर गेले की चार वर्ग एकट्या सरांच्या गळ्यात, आणि निवडणुकीच्या काळात कुणाच्याच रजेचं नाव काढायचं नसतं.

साहित्य वाटपाच्या मांडवात एका हाताने बीयू (मतदार बटण दाबतो ते युनिट), सीयू (आमच्याकडचं कंट्रोल युनिट) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारी पेटी) यांचे नंबर यादीशी जुळवत होते, दुसऱ्या हातावर लेक. टॅग, सील, शाईच्या बाटल्या, मतदार यादीची चिन्हांकित प्रत, पाकिटं, एकेक मोजून घ्यावं लागतं कारण तिथून निघालं की कमी पडलेलं कुणी आणून देत नाही. आमचे केंद्राध्यक्ष हायस्कूलचे सर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी बाळाकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "हे काय आणलंत तुम्ही?" मग झोनल अधिकाऱ्यांना फोन, झोनल म्हणाले आता राखीव माणूस नाही, सांभाळून घ्या. एसटीत सर मला म्हणाले व्हीव्हीपॅट मांडीवर धरा, रस्ता खराब आहे, मी म्हटलं सर मांडी भरलेली आहे. तीन नंबरच्या मतदान अधिकाऱ्याने, पोरगाच तो, काही न बोलता ती पेटी माझ्याकडून घेतली. तो तलाठी कार्यालयातला, जेमतेम पंचविशीचा, त्याचं मला आजही कौतुक आहे.

केंद्र डोंगरातलं, वाडीवरची शाळा, साडेआठशेच्या आसपास मतदार. भात नुकतंच काढलेलं, रात्री चांगलीच थंडी. शाळेला लागून अंगणवाडी होती आणि मदतनीस मावशींनी तिची खोली आधीच झाडून, चटया घालून ठेवलेली, कारण मतदारांच्या लहान मुलांसाठी केंद्रावर पाळणाघर करायचं ठरलेलं होतं. म्हणजे मत द्यायला पाच मिनिटं आलेल्या बाईच्या बाळाची सोय होती आणि चाळीस तास तिथे असणाऱ्या बाईच्या बाळाचा विचार कुठल्याच कागदावर नव्हता. मी मावशींना विचारलं, चालेल का हो? त्या म्हणाल्या, "बाळाच्या कपाळावर लिव्हलंय व्हय कर्मचारी म्हणून? द्या हिकडं."

रात्री जेवण झाल्यावर आम्ही तयारी करायला बसलो. दोन नंबरचं काम लोकांना शाई लावण्यापुरतं वाटतं. खरं काम १७-ए चं असतं, म्हणजे मतदारांची नोंदवही. प्रत्येक मतदाराचा अनुक्रमांक, यादीतला क्रमांक, ओळखपत्र कुठलं, सही किंवा अंगठा. मग त्याच अनुक्रमांकाची चिठ्ठी मतदाराच्या हातात द्यायची, ती तो तीन नंबरला देतो आणि मगच सीयूवरचं बॅलटचं बटण दाबलं जातं. सकाळच्या गर्दीत आकडे लिहीत बसलं तर रांग खोळंबते, म्हणून अनुभवी लोक आदल्या रात्रीच पानांवर अनुक्रमांक घालून ठेवतात. माझी ही पाचवी निवडणूक, मीही तेच केलं. अंगणवाडीच्या खोलीत, एका बल्बखाली, साडेदहा ते जवळजवळ बारा. मध्ये लेक दोनदा उठली, नवीन जागा, नवीन वास, तिला मांडीवर घेऊन पाजत पाजत मी लिहीत होते, झोपली की चटईवर, परत किरकिर, परत मांडीवर. असं आठशे पन्नासपर्यंत.

पहाटे चारला उठले. मावशींनी चुलीवर पाणी तापवून ठेवलेलं. साडेपाचला मॉकपोल, म्हणजे चाचणी मतदान, ५० मतं टाकायची, मशीनचा हिशोब चिठ्ठ्यांशी जुळवायचा, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून शिक्के मारून काळ्या पाकिटात, सील. हे काम मला मनापासून आवडतं. शाईची बाटली कलंडू नये म्हणून एका कपात वाळू भरून त्यात रोवली, ही ट्रिक मी पहिल्या निवडणुकीत एका जुन्या गुरुजींकडून शिकले.

सातला सुरू. नऊपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. दहाच्या सुमाराला मावशींनी दारातून खूण केली, मी सरांना विचारून आठ मिनिटांत पाजून आले. अडचण शाईची होती. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, कातडीवर बसली की उजेडाने काळी पडते आणि साबणाने जात नाही. माझी उजव्या हाताची तीन बोटं सकाळी आठलाच रंगलेली. लेकीला बोट चोखायची सवय, म्हणून तिला घेताना मी उजव्या हाताची मूठ वळून ठेवायचे आणि डाव्या हाताने सगळं करायचे. तरी तिच्या कानाच्या पाळीला एक ठिपका लागलाच. तीट लावल्यासारखा दिसत होता, नंतर पंधरा-वीस दिवस राहिला.

दुपारी एकनंतर वाडीवरच्या बायका शेतातून एकदम आल्या, रांग पटांगणाबाहेर. आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत लेक रडायला लागली. मी तिचं रडणं ओळखते, हे भुकेचं होतं. मावशींनी वाटी-चमच्याने नाचणीचं सत्त्व दिलं, घेतलं नाही. मी एकेकाचं बोट धरत होते, शाई लावत होते, सह्या घेत होते आणि पान्हा फुटून ड्रेस पुढून भिजला. ओढणी पिनअप केली होती म्हणून झाकलं गेलं. समोरच्या म्हातारीने बघितलं, हातातली चिठ्ठी तशीच धरून ती मागे वळली आणि रांगेला मोठ्याने म्हणाली, "जरा दम धरा गं, बाईला लेकराकडं जाऊ द्या." रांगेतली एकही बाई काही बोलली नाही. बोलला तो एका उमेदवाराचा पोलिंग एजंट, "सरकारी काम आहे का अंगणवाडी?" मी गेले. एक चाळीस ते एक बावन्न. त्या वेळात माझ्या जागेवर सर स्वतः बसले.

तीनला दर दोन तासांचा रिपोर्ट द्यायचा होता. एकपर्यंत सर फक्त मशीनचा टोटल बघून आकडा पाठवत होते, तीनला म्हणाले रजिस्टरशी जुळवून घेऊ. मशीन ४३८. रजिस्टर ४३७.

पोटात गोळा आला. एक मत जास्त म्हणजे बिननोंदीचा एक माणूस मत देऊन गेला असा अर्थ निघतो, एजंट समोर बसलेले, तो मघाचा तर उठून उभाच राहिला. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही उठून गेलात ना, तेव्हाच झालं असणार." त्या बारा मिनिटांत रजिस्टर त्यांच्याच हातात होतं, पण ते त्यांना सुचलं नाही. खोलीत कुणालाच सुचलं नाही. आणि मलाही नाही. माझ्याही मनात पहिलं तेच आलं, की मी गेले म्हणून झालं. ही गोष्ट मला अजून टोचते.

तीन नंबरचा पोरगा शांत होता. त्याने जमा चिठ्ठ्यांचे शंभरशंभरचे गठ्ठे बांधून ठेवले होते, दोरा लावून, मोबाईलच्या पिढीतला असून इतकं नेटकं. म्हणाला, मॅडम चिठ्ठ्या मोजू. मोजल्या, ४३८. म्हणजे प्रत्येक मतामागे चिठ्ठी होती, बिननोंदीचं कुणी गेलेलं नव्हतं, जिवात जीव आला. मग आकडे बघत गेलो आणि २३० च्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. रजिस्टर उघडलं. एक पान २३० ला संपत होतं आणि पुढचं पान २३० नेच सुरू होत होतं. दोन्हीकडे दोन वेगळे मतदार, दोन वेगळ्या सह्या. यादीवर दोघांच्याही खुणा बरोबर. २३० ची वेळ म्हणजे साडेअकराच्या आसपास, तेव्हा मी जागेवर होते आणि लेक गाढ झोपलेली होती.

सरांनी दुसऱ्याला २३०-अ केलं, सही केली, डायरीत नोंद घेतली, एजंटांच्या सह्या घेतल्या. पाच मिनिटांचं काम. मग मला म्हणाले, "होतं असं, मीही एकदा नव्वद दोनदा लिहिलेलं." आणि थोड्या वेळाने, "२०२२ ला नागपूरच्या अधिवेशनात सरोज अहिरे आमदार असून अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या होत्या, तुमचं काय एवढं." ते चांगल्या मनाने बोलले असं मी धरते. माणूस वाईट नाही. पण मी उठून गेले म्हणून झालं हे वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही, आणि एजंटांनी ते ऐकलं होतं.

सहाला रांगेत उरलेल्या नऊ जणांना शेवटाकडून टोकन दिले, साडेसहाला क्लोज. ६११. मशीन जमा करायच्या ठिकाणी आमचा नंबर लागायला पावणेबारा वाजले, लेक माझ्या खांद्यावर झोपलेली, थंडीने तिचं नाक वाहत होतं. काउंटरवरच्या मॅडमनी डायरीतली दुरुस्ती वाचली, माझ्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हां, समजलं." काय समजलं हे विचारायची ताकद माझ्यात नव्हती.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला आदल्या रात्री लिहिताना पान उलटताना झालं, सरळ आहे, त्यात बाळाचा काय संबंध. त्याच्या केंद्रावर एकाने पाकिटावर मतदारसंघाचा नंबरच चुकीचा टाकला होता, त्याला कुणी विचारलं नाही की घरी काय चाललंय. पण मला ते पान लिहिताना लेक मांडीवर होती की चटईवर होती हे आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. पहिल्यांदा ती उठली तेव्हा मी दीडशेच्या आसपास होते, दुसऱ्यांदा कधी ते नक्की नाही. ती मांडीवर असली की माझं अक्षर डावीकडे कलतं, शाळेच्या वह्या तपासतानाही कलतं, सासूबाई ओळखतात. त्या पानाकडे एकदा नीट बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. दुपारी तीनला मी फक्त आकडा बघितला, अक्षर नाही, आणि नंतर रजिस्टर लाखेच्या सीलमध्ये गेलं.