ओहोटीतलं मॉडेल

माझा धंदा लग्नांचा. म्हापशात स्टुडिओ आहे, हंगाम नसला की हॉटेलांच्या खोल्या आणि ताटं-वाट्या टिपायच्या. अशाच एका हॉटेलाकडून फोन आला: कॉरिडॉरसाठी गोव्याचा समुद्र हवाय, पण होडी नको, माड नको, सूर्यास्त नको. हे तिन्ही वजा केल्यावर गोव्याच्या फोटोत उरतं काय, तुम्हीच सांगा.

शेवाळ सुचवलं ते ओळखीच्या एका मॅडमनी. समुद्री शैवालांवर संशोधन करतात त्या. पाऊस सरला की कातळावर शेवाळ धरू लागतं, थंडीत भरात येतं आणि ऊन चढलं की करपून, तुटून जातं. म्हणून जानेवारीत हणजूणला जायचं ठरलं. पौर्णिमेला पाणी खूप मागे जातं खरं, पण सकाळची सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आमच्याकडे उजाडायच्या आधीच येऊन जाते. रोज ती पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे तृतीया धरली. उजेड आणि ओहोटी एकदमच मिळाली.

कातळावर उतरलो आणि तोंड पडलं. सगळं तपकिरी, चिकट, आडवं. मॅडम हसल्या आणि सर्गॅसमची एक फांदी उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. पानांच्या बगलांत मिऱ्याएवढे फुगे होते. एक चिमटीत दाबला, टच्चकन फुटला. आत नुसती हवा. त्या फुग्यांच्या जोरावर हे शेवाळ पाण्यात ताठ उभं राहतं, पाणी गेलं की लोळण घेतं. म्हणजे शेवाळाला आकार देतं ते पाणी. आपण काढायचा तो पाण्याचाच फोटो.

मग खळग्यांकडे वळलो. पाणी स्वच्छ, ढोपराएवढं खोल, पण वरून बघितलं की दिसायचं फक्त आकाश. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला. तो पाण्यावरची चमक मारतो, पण तिरप्या कोनातच. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांवर त्याचं काम सर्वांत चोख, आणि बरोबर वरून धरला तर तो असून नसल्यासारखा. मला तर हवं होतं बरोबर वरून. शेवटी गाडीतली पावसाळी काळी छत्री आणली आणि पोऱ्याला खळग्यावर धरून उभं केलं. पाण्यात आकाशाऐवजी काळं कापड उमटलं आणि तळ लख्ख दिसला.

बाजूला एक म्हातारी कालवं फोडत होती. निरभ्र आकाशाखाली उघडलेली छत्री बघून तिने विचारलं, "पावस पडटा काय रे पुता?" पोरगा लाजला. तिच्या बिचारीच्या कामातही आमचे पाय येत होते. मग तिनेच, हिरव्या पट्ट्यावर पाय टाकू नका, घसराल, असं बजावून वाट दाखवली.

त्या खळग्यात पॅडिना होती. पंख्याच्या आकाराची, कडा आत वळलेल्या, आणि अंगावर एकाआड एक फिकट पांढऱ्या कमानी. ही पांढरी रेघ चुन्याची, शेवाळ स्वतःच ती अंगावर साठवतं. लाटेचा उरलासुरला हेलकावा आत आला की सगळे पंखे एका दिशेला झुकायचे आणि परत यायचे. त्या परत येण्यातला एक क्षणच तेवढा स्थिर असायचा. नवरीला "हनुवटी जरा खाली" म्हणता येतं, इथे आपणच वाट बघायची.

भरती चढू लागली तशी थोडं शेवाळ बालदीत घेतलं. तुटून वाहत आलेलं बरंच होतं. बाकीचं कात्रीने कापलं, मुळाशी कातळ धरून बसलेला भाग मॅडमनी ओढू दिला नाही, तो राहिला तर परत फुटतं. जवळच त्यांच्या नातेवाइकांचं घर होतं. तिथे बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, उन्हाच्या तोंडाला दोन चिरे मांडून त्यांवर काचेचा ट्रे ठेवला, खाली पांढरा कागद. पाणी समुद्राचंच, मलमलीतून गाळलेलं. नळाचं चालत नाही, गोड्या पाण्यात लाल शेवाळाचा रंग सुटतो.

कातळावर काळपट दिसणारी ग्रॅसिलारिया उन्हात अशी लालजांभळी पेटली की मी सेटिंग परत तपासलं. चायना ग्रास बनतं ते हिच्याच जातभाईंपासून. हिप्नियाच्या टोकांना बारीक आकडे असतात, त्यांनी तिने दुसऱ्याच शेवाळाला मिठी मारली होती. ती सोडवली नाही, तसाच फोटो घेतला.

खरी गंमत केली ती उल्व्हाने. हिरवीगार, जाडी पेशींच्या दोनच थरांची, तिच्यातून खालचा कागद दिसायचा. पण अंगभर बुडबुडे. मऊ ब्रशने ते सारले, फोकस लावला, परत बुडबुडे. पुन्हा सारले, पुन्हा आले. ट्रे हलतोय म्हणून मी पोऱ्यावर डाफरलो. मॅडम म्हणाल्या, "अहो, ती जिवंत आहे. ऊन मिळालंय, ऑक्सिजन सोडतेय." ब्रश खाली ठेवला. मॅक्रो लेन्समधून बघत राहिलो: टाचणीच्या टोकाएवढा मणी पानावर फुगायचा, थरथरायचा, सुटून वर जायचा. त्या दिवसाची माझी सर्वांत आवडती फ्रेम बुडबुड्यांसकटचीच आहे.

चहा घेताना ॲना ॲटकिन्सचा विषय निघाला. या इंग्रज बाईंनी १८४३ मध्ये शेवाळांची निळी चित्रं छापायला घेतली, तीही कॅमेऱ्याशिवाय. वर्षभर आधी जॉन हर्शेलने शोधलेल्या सायनोटाइपच्या कागदावर शेवाळ ठेवायचं, उन्हात धरायचं, पाण्याने धुवायचं. ऊन लागलेला कागद निळा, शेवाळाखालचा पांढरा. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक तेच मानतात. लग्नाच्या अल्बमवर पोट भरणाऱ्याला हे ऐकून जरा मान वाटला, खोटं कशाला बोलू.

हॉटेलवाल्यांना फोटो आवडले. "हे तपकिरी जरा हिरवं करता येईल का?" हा प्रश्न आलाच, मी नाही म्हटलं. प्रिंट मुद्दाम मॅट कागदावर काढले आणि बजावून सांगितलं की फ्रेमला काच नको, दिवसभर छत्री धरून घालवलेली चमक परत येईल. मान डोलावली त्यांनी. परवा सहज गेलो होतो, सगळ्या फ्रेमना जाड, चकचकीत काच आहे आणि उल्व्हाच्या बरोबर मध्यावर ट्यूबलाइट.