खोक्यावरचा पेंग्विन आणि आतली चिप

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खानापुरातल्या माझ्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातला पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, आणि चालतं मशीन भंगारात घालायला जीव होईना. विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टिम घातली. मराठी-कन्नड टायपिंग, प्रिंटर, सगळं लागलं. अडलं ते वायफायवर.

बेळगावात खडे बाजारातून वायफायचा यूएसबी अडॅप्टर आणला. "पेंग्विन छापलाय की खोक्यावर, बिनधास्त न्या," दुकानदार म्हणाला. पेंग्विन म्हणजे लिनक्सचं चिन्ह. त्याखाली बारीक अक्षरांत होतं: कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) २.६ ते ४.४. मिंट २१ चा कर्नल ५.१५! सोबतच्या सीडीत ड्रायव्हरचा, म्हणजे अडॅप्टर चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड होता. कंपाइल करायला, म्हणजे त्यातून चालणारा ड्रायव्हर बनवायला घेतला की एररच एरर. कर्नलची आतली रचना बदलत राहते. कर्नलमध्येच सामील असलेला ड्रायव्हर तिच्याबरोबर दुरुस्त होतो, बाहेरचा मागे पडतो.

मोबाइल केबलने जोडून टेदरिंगवर नेट घेतलं आणि टर्मिनलमध्ये यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी 'एलएसयूएसबी' कमांड दिली. अडॅप्टर चक्क सीडी ड्राइव्ह म्हणून दिसत होता. काही अडॅप्टरांच्या पोटातच विंडोजचा ड्रायव्हर असतो, म्हणून ते आधी सीडी बनून येतात. इजेक्ट केल्यावर आयडी बदलला आणि खरी चिप कळली: आरटीएल८८२१सीयू. तिचा यूएसबी सपोर्ट २०२३ च्या ६.२ कर्नलपासून आतच आहे. अपडेट मॅनेजरमधून ६.८ घेतला, रीस्टार्ट केलं, आणि आसपासच्या वायफायची नावं दिसू लागली.

म्हणजे वस्तू चांगली होती, लेबल कुचकामी होतं. त्यातही एकाच मॉडेल नंबरखाली व्हर्जन बदलून कंपन्या वेगळी चिप घालतात, त्यामुळे निपाणीच्या मित्राकडे चालणारं मॉडेल माझ्याकडे चालेलच असं नाही. कॅनॉनिकल ही कंपनी उबुंटू या आपल्या लिनक्ससाठी लॅपटॉप तपासून प्रमाणित करते, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंही प्रमाणपत्र आहे, पण आपल्या बाजारातल्या स्वस्त अडॅप्टरला त्यांचा काय उपयोग? चिपचं नाव आणि कोणत्या कर्नलपासून चालते, एवढी एक ओळ एमआरपीशेजारी छापायला कंपनीला काहीच जड नाही. गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे.

तोवर मी मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता मिंट चालवणारा, खिशात ठेवतो. दुकानातल्याच पीसीवर तो बूट करायचा, अडॅप्टर लावायचा, नेटवर्क दिसलं तरच पैसे द्यायचे. खडे बाजारातला तो दुकानदार आता स्वतःहून पीसी मोकळा करून देतो.